हिरव्या शालूचा सिनेमा

“आजी, तू हासुद्धा पाहिला नाहीस?” असं म्हणून माझी नात कपाळाला हात लावते आणि मला हसू येतं. तिच्या हातात तो फोन असतो, त्यात म्हणे जगातले सगळे सिनेमे आहेत. ती एकेक नाव घेते आणि मी एकेकाला नकाराची मान हलवते. डाकूंचा तो, ज्यातली वाक्यं लग्नाच्या पंगतीत वाढपीसुद्धा म्हणतात, तो नाही पाहिला. राजवाड्याचा नाही. लहानपणी ताटातूट झालेल्या भावांचे तर ढिगानं असतील, त्यातला एकही नाही. आणि तो नदीच्या घाटाचा, ज्याचा विषय निघाला की माझ्या वयाच्या बायका अजून पदर डोळ्याला लावतात, तो तर नाहीच नाही. लोकांना वाटतं, हिचा बाप कडक असेल, नाहीतर ही देवभोळी असेल. दोन्ही खोटं. माझा बाप गायीसारखा गरीब होता, आणि देवाचं माझं जेवढ्यास तेवढं आहे. शिवाय हे सगळे सिनेमे मला पाठ आहेत. कोण कोणत्या पायरीवर बसून रडलं इथपर्यंत पाठ आहेत. ते मला मालन काकूनं सांगितले, धामणगाव बढ्याच्या आमच्या मळ्यात, मेथीच्या जुड्या बांधता बांधता.

आमचं घर मळ्यातच, गावाला लागून. बाबा आणि काका दोघं भाऊ भाजीपाला पिकवायचे. वांगी, मिरच्या, कांद्याची पात, पालक, मेथी आणि सांबार. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माझी पुण्याची सून नवी होती तेव्हा सांबार आणला म्हटलं की इडली शोधायची. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारपासून भाजी उपटायला लागायची आणि ऊन उतरलं की अंगणात ओल्या गोणपाटावर तिचे ढीग पडायचे. मग बायका बसायच्या. आई, काकू, मी, आणि गल्लीतल्या दोनचार जणी, ज्यांना जाताना घरापुरती भाजी मिळायची. मूठभर मेथी घ्यायची, मुळं एका रेषेत आणायची, भिजवलेल्या अंबाडीच्या वाखाचे दोन वेढे द्यायचे आणि गाठ मारायची. हाताला मातीचा आणि मेथीचा मिळून एक कडवट वास लागायचा, तो दुसऱ्या दिवशी भाकरीलाही यायचा. अजूनही मेथी निवडताना मी आधी बोटं नाकाशी नेते, मग भाजीकडे पाहते. सुनेला ते आवडत नाही.

जुडी बांधणं सोपं वाटतं, पण नाही. सैल बांधली तर टोपल्यात विस्कटते, घट्ट बांधली तर देठ चेंगरून काळे पडतात. माझ्या आईची जुडी गावात ओळखू यायची. बाजारात बाया म्हणायच्या, ही पार्वताबाईच्या हातची. आईला याचा फार अभिमान होता. तिची जीभही तिच्या गाठीसारखीच होती, एकदा आवळली की सुटायची नाही. अशा घरात मालन काकू लग्न करून आली. मलकापूरची, शहरातली पोरगी. रंगानं सावळी, उंच, आणि हातांनी इतकी अनाडी की पहिल्या बाजाराला तिच्या जुड्या टोपल्यातच सुटून सगळी मेथी आणि पालक एक झाला. आईनं सगळ्यांदेखत सांगितलं, “हिले माहेरी पाठवा बाप्पा सहा महिने. मायनं काही शिकवलंच नाही. शिकून आली की मंग नांदवा.” आणि ती नुसती बोलायची म्हणून बोलली नव्हती. आमच्याच गल्लीत एक सून अशी कामाला येत नाही म्हणून माहेरी पाठवलेली होती आणि तिला आणायला पुन्हा कुणी गेलं नव्हतं. काकूला आई नव्हती. बाप होता, भाऊ होता, आणि भावाच्या राज्यात बहीण परत आली तर तिचे काय हाल होतात, ते मी लहान असूनही मला कळत होतं.

त्याच्या पुढच्या बाजाराची गोष्ट. सगळ्या जुड्या बांधत होत्या, काकू एका कोपऱ्यात मान खाली घालून वाख सोलत होती. आमच्या शेजारी बन्नोबी राहायची, बांगड्या विकायची, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन चार गावं फिरायची. तिला कुणाची मान खाली गेलेली पाहवायची नाही. तीच म्हणाली, “अगं मालनबाई, तू तो मलकापूरची! वहां तो टॉकीज है. सिनेमे पाह्यले असतीन तुनं लय?” काकूनं वर पाहिलं. सगळ्यांचे हात थांबले होते. काकूनं मान डोलावली. बन्नोबी म्हणाली, “मंग सांग ना वं एखांदा!” आणि काकूनं तो घाटाचा सिनेमा सांगायला सुरुवात केली.

मी जे सांगते आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आमच्या अंगणात त्या दिवशी नदी आली. काकू आधी हळू बोलली, मग तिचे डोळे मिटले गेले आणि आवाज उघडला. दगडी घाट आहे, पायऱ्या पार पाण्यात गेल्या आहेत. संध्याकाळ आहे. एक पोरगी पायऱ्या उतरून राह्यली. अंगावर हिरवा शालू, गडद, पोपटाच्या पंखाहून गडद, काठ लाल. हातात हिरव्या बांगड्या, त्यावर सोन्याचे ठिपके. पायातल्या पट्ट्या वाजून राह्यल्या, छुम, मंग थांबली, मंग छुम. कारण का, खालच्या पायरीवर तो बसला हाय. असं ती सांगायची. ती पोरगी त्याला म्हणते, मी रोज दिवा सोडीन, तू परत येशीन तोवर. आणि तो जातो. मग वर्षं जातात, सावकार येतो, घोडं दौडतं, पूर येतो, आणि ही बाई आपली दिवा सोडते आहे. शेवटी जेव्हा काकू म्हणाली, “अन् त्या रोजचा दिवा वाहत गेलाच नाही, पायरीपाशीच फिरत राह्यला,” तेव्हा बन्नोबी हुंदके देऊन रडली. आई रडली नाही, पण तिनं नाक ओढलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून आल्यावर बाबा म्हणाले, “काल सिनेमा रडका होता वाटते. सगळ्या जुड्या सैल हायत.”

तेव्हापासून ठरूनच गेलं. बाजाराच्या आदल्या दिवशी काकूनं बांधायचं नाही, सांगायचं. तिच्या वाटच्या जुड्या बाकीच्या बांधायच्या. भांडणाचा, मारामारीचा सिनेमा असला की देठ चेंगरायचे आणि बाबा टोपल्यात हात घालून म्हणायचे, “आज कोणाचा खून झाला बे?” आईनं तिला माहेरी पाठवायचं नाव काढणं सोडलं. उलट तीच आता बढाई मारायची, “आमच्या मालननं मलकापुरात एक सिनेमा सोडला नाही.” गल्लीतल्या बायका वाढल्या, ओट्यापर्यंत बसू लागल्या. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर व्हायची, ठेच्याचा खमंग वास सुटलेला असायचा आणि मध्येच कुणीतरी म्हणायचं, थांब वं, भाकर उलथून येते, तोवर त्याले मरू देऊ नको. हिरव्या शालूचा तर इतक्यांदा सांगून झाला की बन्नोबीनं मलकापूरच्या मोठ्या दुकानातून तशाच बांगड्या शोधून आणल्या, हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या. “सिनेमावाली चूडी” म्हणून तिनं त्या अर्ध्या गावाच्या हातात भरल्या. आईनंही भरल्या. मी हट्ट करून भरल्या, माझ्या मनगटावरून त्या कोपरापर्यंत जायच्या.

आणि मग गावात तंबू आला. पिकं निघाली की फिरता सिनेमा यायचा, नदीकाठच्या मैदानात तंबू ठोकायचा. एका बाजूला बाया, एका बाजूला गडी, मध्ये कनात. इंजिन फटफट करायचं, आणि खेळ सुरू होण्याआधी भोंग्यावर गाणी लागायची ती पार आमच्या मळ्यापर्यंत ऐकू यायची. आधी असे दोनचार तंबू येऊन गेले होते, देवादिकांचे जुने खेळ घेऊन. ते काळे-पांढरे असायचे, पण त्याचं आमच्या बायकांना नवल नव्हतं. त्यांची पक्की समजूत होती की शहरात सिनेमा रंगीत असतो, आणि दाखवून दाखवून, धुऊन धुऊन त्याचा रंग गेला की तो खेड्यावर येतो. लुगड्याचं नाही का होत तसं? अंगावरचं झालं की घरात, घरातलं झालं की पोतेरं. या खेपेला मात्र गाडीवर पाटी रंगवलेली होती, गुलाबी गालांची बाई, आणि दवंडीवाला ओरडत होता की नवीन कोरी फिल्म, मोठ्या शहरात वर्षभर चाललेली. बन्नोबी धावत आली. “मालनबाई, तुम्हारा आया! हिरव्या शालूचा आला!”

मी काकूकडे पाहिलं. ती तव्यावर भाकर टाकत होती. ती तशीच राहिली आणि भाकर जळून धूर निघाला तरी तिला कळलं नाही. तंबू लागला त्या दिवशी गल्लीत सणासारखी धांदल होती. लवकर स्वयंपाक, लवकर जेवणं, ठेवणीतली लुगडी, आणि सगळ्यांच्या हातात त्या बांगड्या. काकू म्हणाली, माहं डोकं दुखून राह्यलं, तुम्ही जा. आई म्हणाली, “इनं पाह्यलेलाच हाय, इले काय त्याचं!” आणि मला म्हणाली, “सुमे, तू राय काकूपाशी. उद्या पाहाजो.” मी चिडले, पाय आपटले, पण काकूचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. तिला खरंच बरं नाही असं मला वाटलं.

सगळ्या गेल्या. दिवेलागण झाली. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. तिकडे भोंगा बंद झाला, क्षणभर शांत झालं आणि मग सिनेमाचा आवाज आला. वारं आमच्याकडे येत होतं. काकूनं डोळे मिटले, मान थोडी कलती केली, डावा कान पुढे. मी तिला असं बसलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं, फक्त तेव्हा ती बोलत असायची. पट्ट्यांचा आवाज आला, छुम, आणि काकू आपोआप म्हणाली, “आली. पायऱ्या उतरून राह्यली.” मग पाण्याचा आवाज, मग बांगड्या. ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले, आणि मधेच माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी विचारलं, “काकू, तू असाच पाह्यला होता का? कानानं?”

तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, “सुमे, म्या एकबी सिनेमा पाह्यला नाही वं.”

“काऊन?”

“भीत होती ना मंधात.”

तिच्या माहेरच्या घराची मागची भिंत म्हणजे टॉकीजची भिंत होती. भिंतीच्या अलीकडे काकूची चूल, पलीकडे पडदा. सकाळ सोडली तर दिवसभर खेळ चालायचे. बापानं पोरींना टॉकीजचं दारही दाखवलं नव्हतं. चांगल्या घरच्या पोरी जात नाहीत म्हणे. आई गेल्यापासून ती त्या चुलीपाशी एकटी, भाकरी थापत, भांडी घासत. एकेक सिनेमा महिनाभर चालायचा, तेवढ्यात तिचा पाठ व्हायचा. कोण कसं दिसतं ते तिनं आवाजावरून ठरवलं, कोण काय नेसलं ते बांगड्यांवरून आणि पदराच्या सळसळीवरून. “सावकाराचा आवाज असा घोगरा होता, म्हणून म्या त्याले मिशा देल्या,” ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. “बन्नोबीनं इचारलं तवा माही मान हालली. तुही माय मले पाठवून राह्यली होती ना वं माहेरी. मंग कसं सांगू?” मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या हाताला मेथीचा वास येत होता.

तेवढ्यात तिकडे आवाज तुटला. सिनेमा बंद पडला आणि माणसांचा गलका ऐकू येऊ लागला, त्यात बायकांचे आवाज जास्त. त्यातला माझ्या आईचा मी कुठूनही ओळखला असता. तंबूत काय झालं ते मला नंतर बन्नोबीनं सांगितलं, म्हणजे तेही मी पाहिलेलं नाही, ऐकलेलंच. नायिका पायऱ्या उतरली आणि बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शालू कुठं आहे? आई मोठ्यानं म्हणाली, “इचा नवरा तं अजून भेटलाबी नाही, अन् ही पांढऱ्यात काऊन?” गड्यांच्या बाजूनं हसू आलं. तो गेला, पहिला दिवा सोडून झाला, तरी शालू पांढराच, तेव्हा आई पेटली. गल्लीच्या सगळ्या बायका उठल्या आणि यंत्रापाशी गेल्या. बाहेर पाटीवर गुलाबी गाल दाखवता अन् आत राख दाखवता? नवीकोरी म्हणता अन् रंग उडालेली आणता? आमचं गाव काय आंधळं समजलं? तंबूवाला म्हातारा, पान खाल्लेला, बिचारा हात जोडून सांगत होता की बाई, ही फिल्म जन्मापासून अशीच आहे, हिला रंग कधी नव्हताच. आई म्हणाली, “आमच्या जावेनं पाह्यली हाय मलकापुरात. हिरवागार शालू होता. माही जाव खोटं नाही बोलत!” म्हातारा हसला. म्हणाला, “बाई, मैं ये खेल जिल्हाभर फिरवतो. तुमच्या जावेनं ख्वाबात पाह्यला असन.” सगळा तंबू हसला. आईनं हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं आणि ती अर्धा सिनेमा टाकून चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या.

आई अंगणात आली तेव्हा काकू उभी होती. आईनं एकच विचारलं, “पाह्यला का नाही?” काकू म्हणाली, “नाही बाई.” “एकबी?” “एकबी नाही.” आई आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती बाबांना म्हणाली, चारचौघीत माहं नाक कापलं, गड्यामाणसांत हसं झालं, आता बाजार झाला की धाकट्याले सांगा, इले मलकापूरले पोचवून दे. काका अबोल माणूस. वयनीपुढे तो कधी बोलला नाही आणि तेव्हाही बोलला नाही. त्यानं फक्त मोटेवर त्या दिवशी बैलांना उगाच मारलं. काकूनं आपली पत्र्याची पेटी भरली. मी पाहत होते. दोन लुगडी, एक फणी, आणि बन्नोबीनं दिलेल्या त्या हिरव्या बांगड्या काढून वर ठेवल्या. गल्लीतल्या बायका आमच्या दारावरून मान फिरवून जात होत्या. एक तर मुद्दाम ऐकू जाईल असं बोलली, “आता जाणं ख्वाब पाहाले माहेरी.” मला तिचं तोंड ओरबाडावंसं वाटलं, अजूनही वाटतं, आणि ती बाई मरूनही जमाना झाला.

बाजाराचा आदला दिवस आला. ऊन उतरलं, गोणपाटावर मेथीचे ढीग पडले. गल्लीतली एकही आली नाही. आई, मी आणि काकू, तिघीच. काकू शेवटचं म्हणून खाली मान घालून जुड्या बांधत होती. एवढ्या वर्षांत पाहून पाहून तिला थोडं जमायला लागलं होतं, पण त्या दिवशी तिच्या गाठी पुन्हा सुटत होत्या. विहिरीवर कबुतरं घुमत होती तेवढाच आवाज. आईनं एक जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मी कधी तिला गाठ सोडताना पाहिलं नव्हतं. ढीग तसाच पडलेला, पाला कोमेजायला लागलेला. शेवटी आईनं हातातली मेथी गोणपाटावर टाकली आणि कुणाकडेही न पाहता म्हणाली, “त्या पोरीचं काय झालं मंग?”

काकूला कळलं नाही. “कोण्या पोरीचं, बाई?”

“तंबूतल्या. म्या अर्ध्यातून उठून आली ना. तो गेला, इनं पहिला दिवा सोडला, तठीच राह्यलं. चार दिवस झाले, झोप नाही मले.”

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “बाई, तुमाले तं माहीत हाय सगळं. अन् तुम्ही पाह्यला तो खरा. म्या सांगतला तो तं...”

“खरा असन,” आई म्हणाली. “पर चांगला नाही. ते मेलं त्यात रंगच नाही. अन् ती बाई उतरते कशी, पाणी भराले निघाली असं. तू सांगतली तवा माही जुडी सैल पडली होती.” मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात खेकसली, “पाहून काय राह्यली? मेथी वाळून राह्यली इकडे. पुढचं सांग!”

काकूनं सांगायला सुरुवात केली. हातातली जुडी खाली ठेवली. मग डोळे मिटले. घाट आला, पाणी आलं, हिरवा शालू आला. सावकाराचं घोडं येईतो कुंपणाशी बन्नोबी उभी होती, डोक्यावर टोपली तशीच. ती काही न बोलता येऊन बसली आणि मेथी ओढून घेतली. मग दुसरी आली. मग ती ख्वाबवालीसुद्धा आली आणि ओट्याच्या कडेला टेकली, आणि आईनं तिच्याकडे अशी नजर टाकली की तिनं सगळ्यांच्यापेक्षा जास्त जुड्या बांधल्या. दिवा पायरीपाशी फिरला तेव्हा आई रडली. माझ्या आईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, ओठ घट्ट मिटून, खांदे हलवत, हातानं काम चालूच. दुसऱ्या दिवशी बाबांनी टोपली उचलली, जुड्या चाचपल्या आणि आत काकाला हाक मारली, “पेटी खाली ठेव रे. कोणी कुठी जात नाही.” काका इतका हसला की मला तो अनोळखीच वाटला.

तंबूवाल्या म्हाताऱ्याला ही गोष्ट कळली. गाव सोडण्याआधी तो मळ्यात आला, भाजी घ्यायचं निमित्त करून, आणि काकूला म्हणाला, बाई, चला, तुम्हाला आज फुकट दाखवतो, पहिल्या रांगेत. सगळ्या आग्रह करू लागल्या. काकू लाजली. मग म्हणाली, “नोको बाबा. म्या पाह्यला तं मंग मले सांगता येणार नाही.” म्हातारा मेथीची एक जुडी घेऊन गेला. काकूनं पुढेही कधी सिनेमा पाहिला नाही. वर्षातून एकदा माहेरी जायची, भिंतीपाशी बसायची, नवे दोनचार घेऊन यायची.

मी लग्न होऊन अकोल्याला आले. नवरा हौशी होता. पहिल्याच महिन्यात तो घाटाचा सिनेमा पुन्हा लागला म्हणून तिकिटं घेऊन आला. मी म्हटलं, माझं डोकं दुखतं आहे. तो मित्राला घेऊन गेला आणि आल्यावर मी विचारलं, कसा होता, तर म्हणाला, “तो जातो, ती वाट पाहते, मरते. संपलं.” असा सिनेमा सांगणारा माणूस आयुष्यभर सांभाळला मी! त्याला पुढे मी सगळं सांगितलं, आणि मग त्यानं कधी आग्रह केला नाही. मालन काकू खूप जगली. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं. नातवंडं तिच्यापुढे टीव्ही लावून द्यायची आणि ती कान कलता करून बसायची. मी भेटायला गेले की म्हणायची, “सुमे, आजकालच्या बाया बांगड्याच घालत नाहीत वं, काही दिसत नाही.” ती गेली तेव्हा तिच्या पेटीत त्या हिरव्या बांगड्या होत्या. दोन तडकलेल्या, बाकी धड. त्या माझ्याकडे आहेत.

परवाची गोष्ट. मी ओट्याशी मेथी निवडत बसले होते आणि माझी नात उड्या मारत आली. “आजी, आजी, तुझा तो घाटाचा सिनेमा! आता त्यात रंग भरलेत, संगणकावर. सगळा रंगीत केलाय. बघ ना!” आणि तिनं तो फोन माझ्यापुढे धरला. मी घाबरले. मी मेथीकडेच पाहत राहिले. फोनमधून आवाज आला, छुम. मग थांबला. मग छुम. माझ्या तोंडून निघून गेलं, “पायऱ्या उतरून राह्यली का?”

“हो.”

“कोणता रंग हाय शालूचा?”

नातीनं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं माहीत आहे, तिला मी लहानपणी हाच सिनेमा सांगून झोपवत होते. ती माझ्याजवळ सरकून बसली.

“हिरवा आहे, आजी,” ती म्हणाली. “एकदम गडद. काठ लाल.”

मी डोळे मिटले. हातातल्या मेथीची मुळं एका रेषेत आणली.

“मग पुढचं सांग,” मी म्हटलं.